तनूला सांभाळणारी इंदूआत्या

इंदूआत्याचा ओठ फाटला होता, आणि मी तिला माझ्या शिफ्टा समजावत होते.

गेल्या वर्षी शाळा उघडायला दोन दिवस होते. चुलीवर पाणी तापत होतं. तनूची एक वेणी घालून झाली होती, दुसरी राहिली होती. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनने खुणा करत होते.

"हा आठवडा फर्स्ट. मी सहाला जाणार. तू हिला दहाला शाळेत सोड, पाचला मी आणीन. पुढचा आठवडा जनरल."

तिने पदराने रक्त टिपलं.
"लिवतीस कशाला? मला कुठं वाचता येतंय. कवा यायचं त्येवडं सांग."

"आणि हे ओठाचं?"

"दार लागलं. आमच्या दाराला हात हायेत."

आत्या नात्यातली नव्हती, शेजारची. माझे मालक कापूरहोळला ट्रकखाली गेले तेव्हा तनू तीन वर्षांची होती. मी वरव्याजवळच्या कंपनीत पॅकिंगला लागले. पोरीला ठेवू कुणाकडे? आमच्या विंझर गावात एकटी आत्या हो म्हणाली.

"पर माज्या घरी नको. मीच येईन तुज्याकडं. पोरीनं आमचं बघू नये."

यावरूनच तिला मार पडायचा.
"दुसऱ्याची पोर सांभाळती, माजी भाकर कोण थापणार?" तिचा नवरा ओरडायचा. मग पट्टा, नाहीतर सरपणातलं लाकूड.

भिंत एकच. मला सगळं ऐकू यायचं.

तक्रार केली तर तो तिला येऊ देणार नाही, आणि माझी नोकरी जाईल. म्हणून मी गप्प राहिले. हे कुणी विचारलं नाही, मीच सांगतेय.

आमच्या आळीत एक रीत आहे. कुणाच्या घरात मारहाण लागली की बाकीचे टीव्हीचा आवाज वाढवतात. त्या घराची लाज राखायची म्हणून.

शाळा सुरू झाल्यावर, वर्षापूर्वी आजच्याच तारखेला, मला ओव्हरटाइम लागला. चारला येणारी मी सातला आले. आत्या घाईने चप्पल घालत म्हणाली, "पोर जेवलीय. जाते, तो आला आसंल."

दहा मिनिटांत सुरू झालं. आळीतले टीव्ही मोठे झाले. माझाही.

"आई, आत्याला मारतायत?"
"अभ्यास कर."

मग काहीच ऐकू येईना. तेव्हा मी धावले.

आत्या चुलीपुढे पडली होती. वरवंट्याने तिचं डोकं फोडलं होतं. पिठाच्या परातीत रक्त साचलं होतं. तो पडवीत बसून म्हणत होता, "पडली."

पोलीस त्याला घेऊन गेले. आळीत कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमॉर्टेम होऊन तिला घरी आणलं. बायकांनी हिरवा चुडा भरला, मळवट भरला. एक म्हणाली, "सवाष्ण गेली, नशीब काढलं." मी विधवा, मला कुंकू लावू दिलं नाही. मी तिचे पाय धुतले.

तिचा दीर मला बाजूला घेऊन म्हणाला, "पाय घसरून पडली, येवडंच म्हण. पोरीची काळजी करू नको. माजी बायको सांभाळंल. तुजी ड्युटी चुकायची न्हाई."

 

आत्या, आज वर्ष झालं. तुला हात जोडते.

तुला पोचवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. तनूला ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून तिला घेऊनच वेल्ह्याच्या एसटीत बसले. पोलीस ठाण्यात तिला बाहेर बाकावर बसवलं, आत जाऊन भिंतीपलीकडून ऐकलेल्या सगळ्याचा जबाब दिला, आणि वाचून सही केली.