गळ्यातली जवारी

सुजात, मैत्रेयी, परवा फोनवर सुजातने त्याच्या बँडचं गुरगुरणारं गाणं ऐकवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याचा घसा बसल्याचं कळलं, म्हणून हे आत्ताच लिहिते आहे. तुमच्या आजोबांच्या मावसभावाइतका खरखरीत गळा साऱ्या राहाता तालुक्यात दुसरा नव्हता. नव्वदच्या दशकात हे भावजी पुणतांब्याच्या जयंतीत भीमगीतं गात, तेव्हा शेवटच्या ओळीला अशी खरखर लावत की माइकवाला वायर तपासायला धावे. गोड गाणाऱ्यांचा त्यांना मनापासून कंटाळा. म्हणत, "वहिनी, गोड गळा म्हंजी पेढा. एक खाल्ला की बास. आपल्या गान्याला ठेचा लागतो!"

तो ठेचा एका वर्षी महागात पडला. जयंतीनंतर त्यांचा आवाजच फुटेना. नगरच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि बजावलं, असंच घासत राहिलात तर गाणं कायमचं जाईल. येताना एसटीत भावजी कंडक्टरशीसुद्धा वाद घालेनात, तेव्हा मी घाबरले.

सक्तीची विश्रांती संपल्यावर मी त्यांना, मी शिकवायचे त्या शाळेतल्या संगीताच्या बाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "खरखर हवी ना? मग ओरडू नका. गळ्यात जवारी आणा." झालं! भावजींनी पोळी सोडली. सकाळी ज्वारीची भाकरी, दुपारी भाकरी, रात्री ज्वारीच्या कण्या. आमच्याकडच्या पुरणपोळीलाही हात लावला नाही. "न्हाई वहिनी, बाईंनी जवारी सांगितली हाय." पुढच्या खेपेला बाईंनी विचारलं, "येतेय का जवारी?"

"येती की! पर बाई, हुरडा चालंल का?"

बाई हसून हसून पेटीवर वाकल्या. मग त्यांनी तंबोरा घेतला आणि तारेखाली दोरा सरकवला. तार झणझणू लागली. "ही जवारी. दोरा नुसता टेकलाय. दाबला तर तार मुकी होते."

भावजींनी तारेला हळूच बोट लावून पाहिलं. "म्हंजी जोर न्हाई लावायचा?"

"जोर पोटातून. गळा मोकळा, खरखर वर नुसती टेकवायची. आधी हळू आवाजात. दुखलं की थांबायचं."

मग सुरू झालं ते हलकं, दमल्यासारखं कण्हणं. त्यांची बायको, म्हणजे माझ्या जाऊबाई, म्हणत, "म्हस कन्हती का ह्ये गात्यात, कळंना!" पण भावजींनी धीर धरला, घोट घोट पाणी पीत. पुढच्या जयंतीत त्यांनी शेवटची ओळ उचलली, खरखर लागली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र वाजवल्या नाहीत. मला दुसऱ्या दिवशीची सकाळ पाहायची होती. सकाळी ओट्यावरून हाक आली, "वहिनी, च्या टाका, लई भूक लागली!" आवाज स्वच्छ होता.

आता भावजी थकले आहेत. दोन कडव्यांनंतर खाली बसतात, तिसरं आम्ही बायका म्हणतो. गाणं मात्र गेलेलं नाही.