हाक न आलेला पिचर

अमेरिकेत चँडलरला आमच्या शेजारी एक म्हातारा राहायचा. तरुणपणी तो मोठ्या लीगमध्ये बेसबॉल खेळला होता. पिचर, म्हणजे आपल्या बोलरसारखा. आता त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे.

२००४ साली माझं ग्रीन कार्ड कंपनीमार्फत चाललं होतं. कंपनी सोडली की सगळं पहिल्यापासून. माझ्या पुणेकर मॅनेजरला हे पक्कं ठाऊक, म्हणून त्याने त्याही वर्षी पगार वाढवला नाही. मी शिकवलेल्या माणसाला मात्र प्रमोशन दिलं. मी नागपूरला बर्डीच्या फुटपाथवर पट्टे विकून इंजिनियर झालेला माणूस. माझं डोकं फिरलं.

"उद्या राजीनामा फेकतो," मी म्हाताऱ्याला सांगितलं. "आमच्या बाजारात गिऱ्हाईक पाठ फिरवून चालू लागलं की दुकानदार हाक मारतोच."

"मीही तेच केलं होतं," तो म्हणाला.

त्या काळी खेळाडू कायमचा क्लबच्या मालकीचा असे. क्लब त्याला विकू शके, हाकलू शके. त्याला स्वतःहून दुसरीकडे जाता येत नसे. एका सीझनला हा क्लबचा सगळ्यात यशस्वी पिचर ठरला. मालकाने तरी जुनाच पगार पुढे केला. हा सही न करता घरी जाऊन बसला. सराव सुरू झाला, मॅचेस सुरू झाल्या, कोणी फोन केला नाही. शेवटी जुन्याच पगारावर परत गेला. राग होता, सराव नव्हता. पहिल्याच आठवड्यात जोर लावून बॉल टाकताना खांदा गेला. पुढे छोट्या गावांतल्या टीम, मग गाड्यांच्या शोरूममध्ये सेल्समन.

"तुम्हाला घासाघीस जमली नाही," मी फटकन म्हणालो.

तो चिडला नाही. "तुझ्या बाजारात दुकानं किती होती?"

"पुष्कळ."

"माझ्या बाजारात एकच होतं."

घरी बायको दारातच उभी. "अहो, देताय का राजीनामा? पोरीची शाळा, घर, काय ते एकदाच सांगा."

मी जेवलोच नाही.

सकाळी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं. "रागावला नाहीस ना यार? नेक्स्ट इयर नक्की बघू."

"नाही," मी म्हणालो.

तो खूश झाला. लंचला चल म्हणाला. गेलोही. तो जेवताना पूर्ण वेळ त्याच्या नव्या घराच्या टाइल्सबद्दल बोलला, आणि छान आहेत, असं मी दोनदा म्हणालो.