आत्याच्या मापाचा ठेका

देवाने कान वाटले तेव्हा आमचा साडू रांगेत दोनदा उभा राहिला असणार, आणि अक्कल वाटायच्या दिवशी ते नवे कान लावून भलतंच काहीतरी ऐकत बसला असणार. हे मी त्याला तोंडावर सांगितलंय. रागावेल तर शपथ! उलट बोलता बोलता मी टेबलावर बोटं कशी आपटली, तेच त्याने मला पुन्हा करून दाखवायला लावलं. "दादा, तिसरा ठोका जरा उशिरा पडला. लय भारी पडला. परत मारा ना!" माझी बायको आणि त्याची बायको सख्ख्या बहिणी, म्हणून मी पुन्हा आपटली.

दिवसा हा गृहस्थ वडप्याच्या एका गोदामात माल चढवून-उतरवून घेतो. शेलार गावातल्या घरी आला की पाय धुवायच्या आधी किबोर्ड चालू करतो. हा किबोर्ड म्हणजे साधी पेटी नव्हे. डाव्या हाताने सूर दाबून धरले की आतून ढोलवाला, टाळवाला, बेसगिटारवाला अशी अख्खी पार्टी आपणहून वाजायला लागते. आपण उजव्या हाताने फक्त गाणं वाजवायचं. या तयार साथीला स्टाईल म्हणतात. कंपनीने त्या शेकड्यांनी भरून दिलेल्या, पण साडूने पहिल्याच दिवशी सगळ्या वाजवून बघितल्या आणि तोंड पाडून बसला. "जगातल्या सगळ्या लोकांची लग्नं यात लागतात, दादा. आपलंच न्हाय लागत. हळदीचा ठेकाच न्हाय!" तेव्हापासून तो स्वतःच्या स्टाईल बनवतो. त्यांची नावं 'शेलार संथ', 'खारबाव जोरात' आणि 'वडपे ट्रॅफिक'. शेवटची मध्येच थांबते आणि धक्का खाऊन पुढे सरकते. ती मुद्दाम तशी आहे असं तो म्हणतो.

आवाज गोळा करायला तो कुठेही जाईल. आमच्याकडे आला तेव्हा बायको पाट्यावर चटणी वाटत होती. बांगड्यांचा आवाज आवडला म्हणून त्याने फोन पुढे धरला आणि मेव्हणीकडून चटणी दोनदा वाटून घेतली. दुसऱ्यांदा पाट्यावर काहीच नव्हतं. मग एकदा ओळखीच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात शिरला. तिथले एक म्हातारे कारागीर कौतुकाने म्हणाले, "अरे भाई, यह आवाज भी कोई भरता है? हम तो सुन-सुनके बहरे हो गए." तर हा त्या धडधडाटात तोंडावर बोट ठेवून म्हणतो, "चाचा, जरा धीरे बोलो, रेकॉर्डिंगमें आता है!" त्या आवाजाची स्टाईल त्याने खारबावच्या एका साखरपुड्यात वाजवली. पाहुण्यांतले दोन लूमवाले जेवण अर्धं टाकून घड्याळ बघायला लागले.

आणि चिकाटी म्हणाल तर विचारू नका. किबोर्डचं मशीन प्रत्येक ठोका ओढून सरळ रेषेत बसवतं, आणि याला सरळ ठोका म्हणजे शाळेतली कवायत वाटते. मग हा एकेक ठोका उचलून केसभर मागे सरकवणार. ढोलाचा एक ठोका पुरेसा उशिरा पडावा म्हणून त्याने तीन रविवार घातले. "उशीर करायला एवढा वेळ?" असं माझी बायको म्हणाली. मी हसलो, तो हसला नाही.

त्याच्या मुलीचं, म्हणजे आमच्या भाचीचं लग्न ठरलं आणि हे वेड एकदम जीवनमरणाचं झालं. साडूची आत्या धवलारीण. आमच्याकडे हळदीला, लग्नाला बाया धवले गातात. धवलारीण ओळ सोडते आणि जोडीदारीण ती उचलते. गावातल्या कितीतरी पोरी या आत्याच्या आवाजात नांदायला गेल्या. पण दोन वर्षांपूर्वी तिची जोडीदारीण वारली आणि आत्याने तोंड मिटलं. भाचीने जाऊन गळ घातली तर म्हणाली, "एकटीनं धवला न्हाय होत, बाय." साडूला आई नाही, या आत्यानेच त्याला वाढवलं. पोरीची हळद आत्याच्या धवल्याशिवाय लागणार, हे त्याच्या घशाखाली उतरेना. "मी तिला जोडीदारीण करून देतो," म्हणाला. मी म्हटलं, "अरे, डीजे सांग आणि मोकळा हो!" आयुष्यात बोललेल्या ज्या वाक्यांची मला लाज वाटते त्यातलं हे एक.

आठ महिने तो खपला. ढोल, टाळ, सनई, सगळं घालून जी स्टाईल झाली ती खरंच देखणी होती. एका दुपारी आम्ही दोघं किबोर्ड घेऊन आत्याकडे गेलो. तिने डोळे मिटून ऐकलं. "ग्वाड हाय रं. पन मी दम कवा घेऊ?" धवल्याची एक ओळ आखूड, दुसरी लांबलचक, आत्या वाटेल तिथे थांबते. या शहाण्याने प्रत्येक ओळ चार-चार मात्रांत कापून बसवलेली! ती थांबली तरी पार्टी पुढे धावली. आत्या म्हणाली, "तुझी पेटी लय घाईची. कुठं जायचा हाय तिला?" आठ महिने ठोके मागे सरकवणारा माणूस आत्याचा श्वास मोजायला विसरला होता. परतताना तो एरवीसारखा गाडीच्या हँडलवर, मांडीवर, कशावरही बोटं वाजवत नव्हता. मला ते बघवेना.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात आलो तर साडू आत्याच्या पायाशी किबोर्ड घेऊन बसलेला. ढोल, टाळ, सनई त्याने सगळं पुसून टाकलं होतं. राहिला होता एक बारीक सूर आणि त्याखाली बांगड्यांची किणकिण. बटणही असं लावलेलं की डावा हात खाली तोवर आवाज, हात उचलला की शांत. किबोर्डच्या पडद्याकडे न बघता तो आत्याच्या ओठांकडे बघत होता. "तू दम घे, मी थांबतो," म्हणाला. आत्याने एकदा त्याच्या वर धरलेल्या हाताकडे बघितलं. मग तिने ओळ सोडली. आवाज चिरका झाला होता, पण होता तोच. ती थांबली, याचा हात उठला. तिने श्वास घेतला, हात खाली आला.

ओळ संपली. आता ती उचलायची कोणी? मशीन कसलं उचलतं! शेवटी साडूनेच तोंड उघडलं. आमच्यात पुरुष धवला गात नाहीत, आणि याने गाऊ नये याला आणखीही कारणं आहेत. त्यातून शब्दही चुकला. बाया खो-खो हसल्या. "आवं, तसा न्हाय!" म्हणत एकीने ओळ दुरुस्त करून म्हटली, दुसरीने तिला धरलं, आणि हळद लावलेली आमची भाचीही मान खाली घालून त्यात मिसळली. या सगळ्यांना ते येत होतं! आत्या आणि तिची जोडीदारीण गात होत्या तोवर कुणाला तोंड उघडायची गरजच पडली नव्हती, एवढंच. आत्याने सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं आणि पुढची ओळ मोठ्याने सोडली.

दोन-तीन धवले झाल्यावर माझ्या लक्षात आलं की किबोर्ड वाजतच नाहीये. साडूचे दोन्ही हात मांडीवर होते, आणि हे त्या मांडवात कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. मी जवळ जाऊन विचारलं, "अरे, बंद का केलास?" भरल्या डोळ्यांनी त्याने मला गप्प केलं. "ऐका ना, दादा."