गच्चीचं कुलूप

उत्तरायणाच्या आदल्या दिवशी कलावतीबेन दवेंनी गच्चीच्या दाराला पितळी कुलूप ठोकलं आणि ओट्यावर येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "यंदा माझ्या गच्चीवर कुणी पाऊल टाकायचं नाही. गेल्या वर्षी माझी तुळशीची कुंडी फोडलीत, वर दात काढलेत. आता बसा खालून आभाळाकडे बघत!"

अहमदाबादच्या त्या गल्लीत त्यांचं घर सगळ्यांत उंच. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एरवी त्यांच्या दारात कुणी फिरकत नसे. फिरकलंच तर चपला कुठे काढल्या यावरून बोलणी खावी लागत. पण उत्तरायणाला पतंग उडवायला पंचवीस-तीस माणसं त्यांचा जिना चढायची. तेवढ्यावर त्यांनी स्वतःची समजूत घातली होती, की आपल्यावाचून गल्लीचं पान हलत नाही. बाकीचे दिवस लोक येत नाहीत ते आपल्या धाकाने.

सकाळी त्यांनी मोठ्या पातेल्यात तीस माणसांचं उंधियू केलं. दहापर्यंत कुणीतरी हात जोडत येईल, तासभर ताटकळत ठेवू, मग चावी फेकू, असं सगळं मनात ठरलं होतं.

दहा वाजले. अकरा. वरून भोंगे, थाळ्या, आरोळ्या. दार एकदाच वाजलं तेव्हा त्या जवळजवळ धावल्या. इस्त्रीवाला होता. "सणासुदीला तुझंच थोबाड बघायचं राहिलं होतं!" म्हणत त्यांनी त्याच्या तोंडावर दार आपटलं.

बाराला राहवेना. स्वतःच कुलूप काढून वर गेल्या. समोर प्रफुल पारेखच्या गच्चीवर अख्खी गल्ली जमली होती. त्याने दिवाळीनंतर एक मजला चढवला होता. बांधकामाच्या धुळीवरून त्या महिनाभर त्याच्याशी भांडल्या होत्या, पण त्याची गच्ची आपल्याहून उंच झालीय, हे त्यांनी मनावर येऊच दिलं नव्हतं.

"कितीही गयावया करा, माझं दार उघडायचं नाही!" त्या ओरडल्या.

प्रफुलची बायको जागृती कठड्याशी आली. "कुठलं दार, मासी?"

"सोंग करू नकोस! काल सगळ्यांदेखत कुलूप लावलंय."

"तुम्ही रोजच काहीतरी ओरडत असता. कोण कान देतंय?" मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. जागृतीने आवाज जरासुद्धा उतरवला नाही. "आणि आम्ही तुमच्यासाठी कधी येत नव्हतो. गच्ची उंच होती म्हणून येत होतो. चिक्कीचा तुकडा उचलला तरी डोळे वटारायचात."

कलावतीबेन खाली गेल्या, कातर घेऊन आल्या. डोक्यावरून जाणारा पहिला मांजा ओढून त्यांनी कचकन कापला. पतंग गोते खात गेला. "काप्यो!" त्या एकट्याच ओरडल्या. मग दुसरा. तिसरा. बोटं चिरली तरी थांबल्या नाहीत. पलीकडून शिव्या आल्या. शेवटी प्रफुल म्हणाला, "सोडा तिला. चला, मागच्या बाजूने उडवू." सगळ्यांनी पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने बोटांवरच्या चिंध्या पाहिल्या. "काय झालं, मासी?"

"अरे, झुंबड उडाली होती काल! मी एकटी आणि ती चाळीस. पळाली मेली माझ्यापुढून." त्यांनी पातेलं पुढे केलं. "उद्यापासून अर्धा लिटर जास्त घाल. माफी मागायला येतील ना, चहा तरी द्यायला हवा."