मोहरी ऐकू आली का?

डोळे मिटून, डोकं एका बाजूला कलतं करून ते विचारायचे, "मोहरी ऐकू आली का?" समोर नवाकोरा टेपरेकॉर्डर, त्याच्यामागे कंटाळलेला दुकानदार, आणि बाजूला घाम पुसत उभा असलेला घेणारा. त्याने "हो" म्हटलं तरी उपयोग नसायचा. यांना ऐकू आली तरच व्यवहार व्हायचा.

ज्याला विचारल्याशिवाय कुणी टेबलफॅनसुद्धा घेत नाही, असा एखादा माणूस तुमच्याही वसाहतीत असेल. आमच्या वाशीच्या वसाहतीत हे होते. तेव्हा वाशीत घरं थोडी आणि मोकळे प्लॉट फार. टेपडेक घ्यायचा तर खाडीवरचा पूल ओलांडून मुंबईला जावं लागे, आणि जाताना यांना बरोबर न्यावं लागे, मुलगी बघायला जाताना मामाला नेतात तसं.

"गाण्यावर मशीन पारखू नका," ते सांगायचे. "गाणं चांगलं असलं की डबडंसुद्धा गोड वाटतं." म्हणून त्यांनी स्वतःची एक कॅसेट तयार केली होती. वहिनी आमटीला फोडणी देत असताना कढईजवळ माईक धरून मोहरीचं तडतडणं भरून घेतलं होतं. ज्या मशीनमध्ये मोहरीचा दाणा न् दाणा सुटा ऐकू येईल ते खरं, बाकी सगळे पत्र्याचे डबे. वसाहतीत त्यांना 'मोहरीवाले' म्हणत, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं.

सल्ला ते न विचारताही द्यायचे. एकाने दुबईहून लाल-हिरवे दिवे लुकलुकणारा टू-इन-वन आणला, तर म्हणाले, दिवाळीत खिडकीत लावा, शोभून दिसेल. कोपरखैरण्याचे एक शेठ म्हणाले, "मना मोटा आवाज पायजे, काका. हलदीला सगल्या गावाला आयकाला गेला पायजे." त्यावर हे शांतपणे म्हणाले, "मोठा आवाज आमच्या कंपनीत फुकट मिळतो. तो काय विकत घ्यायचा असतो?" आणि त्यांच्या गळ्यात निम्म्या आकाराचे स्पीकर मारले. शेठ पुढे वर्षभर त्यांचं कौतुक सांगत होते. एकाला ऑफिससाठी कॉम्प्युटर घ्यायचा होता. यांनी जन्मात कॉम्प्युटर पाहिला नव्हता. तरी ठणकावून सांगितलं की आधी आतला पंखा ऐकून घ्या, पंखा कुरकुरला तर मशीन पुढे त्रास देणार.

कंपनी ठाणे-बेलापूर रस्त्यावर होती. हे तिथे कॉम्प्रेसरवर होते. त्या खोलीत शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावून ओरडावं लागे. कानात घालायला कंपनी कापूस द्यायची. यांनी तो कधी घातला नाही. "कापूस घातला तर बेअरिंग काय म्हणतंय ते कळणार कसं?" बेअरिंग खराब व्हायच्या आधी दोन दिवस ते नुसतं ऐकून सांगत, आणि ते खरं ठरे.

मग माझी पाळी आली. मी कारकुनीतून पैसे साठवून डेक घ्यायला निघालो. दुकानात कॅसेट लागली. मोहरी इतकी स्वच्छ तडतडली की मला भूक लागली. यांनी डोळे उघडले आणि मान हलवली. "नाही. या मशीनमध्ये मोहरीच नाही." दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. यांनीही पाहिलं. "तुम्हाला आली का?"

मी म्हणालो, "नाही आली."

का म्हणालो? भीड, दुसरं काय. इतक्या लोकांना शहाणं करणाऱ्या माणसाला चार लोकांत कसं सांगायचं? त्या दिवशी आम्ही तीन दुकानं पालथी घातली आणि तिन्ही दुकानांत मी नाही म्हणालो. पुढे कुणाकुणाबरोबर जाताना ते मलाही न्यायला लागले, आणि प्रत्येक वेळी शेवटी माझ्याकडे वळून विचारायला लागले. मी म्हणायचो, नाही. त्यांचा चेहरा उजळायचा. हळूहळू सगळेच "नाही" म्हणायला शिकले. मग त्यांना न सांगता एकटेच जाऊन मशीन आणायला लागले.

एका दुपारी वहिनी आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, स्वयंपाकघरात हे कढईशी येऊन उभे राहतात आणि मोहरी बदललीस का म्हणून विचारतात. तीन वाणी बदलून झाले होते. "तुमचं ते ऐकतात, भाऊजी. एकदा कानाच्या डॉक्टरकडे न्या त्यांना." मी नेतो म्हणालो, आणि वर्षभर नेलं नाही. कारण नेण्यासाठी आधी खरं सांगावं लागलं असतं. त्या वर्षभरात ते रोज कापसाशिवाय त्या खोलीत आठ तास उभे राहत होते. एक शब्द बोललो असतो तर उरलेले कान तरी वाचले असते. हे मला तेव्हाही कळत होतं. कळत नव्हतं म्हणायची सोय नाही.

मग त्यांच्या पाळीत कॉम्प्रेसरचं बेअरिंग जळालं. कुणाला इजा झाली नाही, पण यांना आवाज आला नव्हता, हे सगळ्यांना समजलं. त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. तेव्हा कुठे मी डॉक्टरचं नाव काढलं. ते लगेच तयार झाले. "चला. तुमचेही दाखवून घेऊ," म्हणाले. मला वाटलं, थट्टा करतायत.

मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी त्यांना खुर्चीवर बसायला सांगितलं. ते बसेनात. "आधी यांचे बघा," म्हणाले. "यांना माझ्याइतकंच कमी ऐकू येतं. हे तरुण आहेत, यांचं अजून काही करता येईल." बाई हसल्या. बरं, म्हणाल्या, आणि माझ्या कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बोट वर करायचं.

ते समोरच्या बाकावर, बाईंच्या यंत्राच्या बाजूला बसले. बाई बटण दाबत तेव्हा यंत्रावर छोटा दिवा लागे. माणूस मशीनवरचा. एकदा पाहिल्यावर त्यांना सगळं समजलं असणार. पहिला आवाज आला. बोट वर करू नये असं फार वाटलं. पण तेवढं खोटं बोलायलाही मग जमेना. दिवा लागला, माझं बोट वर गेलं. आवाज बारीक होत गेला, केसाएवढा झाला, तरी दर वेळी बोट वर जात राहिलं. ते दिव्याकडे बघायचे, मग माझ्या बोटाकडे.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. ते वाशीपर्यंत उभे राहिले. उतरल्यावर म्हणाले, "मी सगळ्यांना सांगत आलो. विचारलं फक्त तुम्हाला."

दोन महिन्यांत त्यांनी घर सोडलं आणि गावी, राजापूरकडे जायला निघाले. टेम्पोत सामान चढत होतं, तेव्हा मी खाली जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. "चुकलं माझं," म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "हो हो, पोचलो की पत्र टाकतो."