कॉलेजच्या साडीत सायकल

डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं, त्याच आठवड्यात मी गिअरची सायकल घेतली. सोबत हेल्मेट, हातमोजे, घट्ट विजार आणि भडक टी-शर्टही आला. पहाटे उठून हा सगळा सरंजाम अंगावर चढवायचा, सांगलीतल्या विश्रामबागेत एक चक्कर मारायची आणि घरी येऊन तो उतरवून कॉलेजसाठी साडी नेसायची. त्या विजारीत एखादी विद्यार्थिनी भेटू नये म्हणून मी मागच्या रस्त्यानं जायचे. तीन आठवड्यांत कंटाळले. सायकल गॅलरीत गेली आणि तिच्यावर टॉवेल वाळू लागले.

आमच्या इमारतीमागं एक भाभी राहतात. माहेर रहिमतपूरचं, वय पन्नाशीला टेकलेलं. ब्लाउज शिवतात आणि घरोघर स्वतः सायकलवरून पोचवतात. अंगात घरातलाच सलवार-कमीज, ओढणी कमरेशी गाठ मारलेली, गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली. त्या सायकल शिकल्या चाळिशीनंतर. नवऱ्याची उंच सायकल घेऊन भर गल्लीत पडल्या, तेव्हा बघणारे हसले होते.

"मग काय केलंत?" मी एकदा विचारलं होतं.

"काय करणार? उठले, वढणी झटकली, परत बसले. लोकं किती येळ हसत्यात मॅडम? त्यास्नीबी कामं हायत की."

परीक्षेच्या दिवसांत एका सकाळी माझी स्कूटर सुरूच होईना. वर्गावर पर्यवेक्षण होतं आणि रस्त्यावर एकही रिक्षा दिसत नव्हती. किका मारून मी घामाघूम झालेली बघून भाभींनी आपली लेडीज सायकल माझ्यापुढं आणून उभी केली.

"घ्या. मी आज घरातच हाय."

"भाभी, साडी नेसलेय मी."

"मग? सायकलीला कुठं कळतंय तुमी काय नेसलाय ते."

मी आणखी काही बोलायच्या आत त्या खाली बसल्या, निऱ्या गोळा करून मोठी पिन लावली, पदर माझ्या कमरेला खोचला. मागच्या चाकावरची जाळी दाखवत म्हणाल्या, "हिच्यामुळं साडी आत जात न्हाई. बिनघोर जावा."

पहिली दोनशे पावलं हँडल हलत होतं. सगळी सांगली माझ्याकडं बघतेय असं वाटत होतं. मग लक्षात आलं, कुणीच बघत नाहीये. भाजीवाली भाजीवर पाणी मारत होती, एक आजोबा पेपर वाचत चालले होते. मी पुढच्या बास्केटमधली पर्स नीट ठेवली आणि जोरात पायडल मारलं. ब्लाउजच्या बाहीत वारा शिरला. पाठीवरचा घाम गार झाला. उतारावर पाय थांबवले, तर सायकल आपली आपण पळायला लागली. पंधरा वर्षं मी त्या रस्त्यानं जात होते. तिथं उतार आहे हे मला त्या दिवशी समजलं. घंटी वाजवायची गरज नव्हती, तरी दोनदा वाजवली.

वर्गात वेळेवर पोचले. उत्तरपत्रिका वाटताना एका मुलीनं हळूच विचारलं, "मॅडम, आज एवढ्या खूश?" मी तिच्यापुढं उत्तरपत्रिका ठेवली आणि पुढच्या बाकाकडं वळले.

गिअरची सायकल मी भाच्याला देऊन टाकली. माझ्यासाठी जुनी लेडीज सायकल भाभींनीच पारखून आणली, ब्रेक दाबून बघितले, चाक फिरवून बघितलं. आता मी तिच्यावरून कॉलेजला जाते, जी नेसले असेन त्या साडीत. साखरही थोडी उतरली आहे, पण खरं सांगायचं तर डॉक्टरांसाठी मी सायकल चालवत नाही.

आता गल्लीतल्या आणखी दोघी शिकायला आल्या आहेत. रविवारी सकाळी मागच्या मोकळ्या मैदानात भाभी त्यांना शिकवतात. एक पंजाबी ड्रेसमध्ये येते, दुसरी चक्क गाऊनवर. भाभी कॅरिअर धरून त्यांच्यामागं पळतात. परवा त्यांनी मधेच हात सोडला आणि जागीच थांबल्या. गाऊनवाली ते न कळताच पुढं निघून गेली. मैदानाच्या टोकाला वळताना तिनं मागं बघितलं, भाभी लांब उभ्या दिसल्या, आणि ती न पडता तशीच हसत दुसऱ्या फेरीला लागली.