आपल्या हाताने तोडायची सफरचंदं

सफरचंदांच्या त्या बागेत आम्ही तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा एकमेकांशी फारसं न बोलता परत आलो. तिसऱ्या वेळचा अबोला पुढे बरीच वर्षं टिकला.

माझे बाबा सौदी अरेबियात हाइलच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये भूल देणारे डॉक्टर होते. आई चिपळूणला बँकेत होती. आखाती युद्धाच्या आदल्या वर्षी ती नोकरी सोडून, मला घेऊन त्यांच्याकडे आली. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि मला तिथलं काहीही आवडत नव्हतं. आईलाही आवडत नव्हतं, पण ती ते बोलून दाखवायची नाही. भांडी जरा जोरात ठेवायची, एवढंच.

शहरापासून तासाभरावर, गव्हाच्या मोठाल्या गोल शेतांच्या पलीकडे, कुणा श्रीमंत माणसाने सफरचंदं लावली होती. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर कुटुंबांना आत सोडायचे. टोपली घ्यायची आणि आपल्या हाताने तोडून भरायची. बाबांना हे हॉस्पिटलमध्ये कुणीतरी सांगितलं आणि त्यांनी ध्यासच घेतला. त्यांच्या लहानपणी घरात सफरचंद यायचं ते कुणी आजारी पडलं तरच, आणि तेव्हाही बाकीच्या भावंडांना एकेक फोडच मिळायची. झाडावरचं सफरचंद त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हे ते आम्हाला गाडीत सांगत होते. आई खिडकीबाहेर बघत होती.

ती पहिली खेप जुलैतली. गाडीतून उतरल्यावर जमिनीची धग चपलांमधून वर येत होती. झाडं बाबांच्या खांद्याएवढी, पानांवर धुळीचा थर, आणि फळं लिंबापेक्षा थोडी मोठी. पलीकडच्या चार ओळींत बरी, लालसर फळं दिसत होती, पण तिथे दोरी बांधलेली होती. ती मालकांच्या पाहुण्यांसाठी, असं तिथल्या मुकादमाने सांगितलं. हा मुकादम क्वेट्ट्याकडचा पठाण होता, पांढऱ्या दाढीचा, आणि त्याच्या घरच्या सफरचंदाच्या बागा होत्या. त्याने बाबांच्या हातातलं फळ घेतलं, फिरवून पाहिलं आणि परत दिलं. म्हणाला, "डॉक्टर साहब, इसको हमारे यहाँ बकरी भी नहीं खाती।"

बाबा हसले. मला त्यांचं हसणं आवडलं नाही. आईचा काळा, पायघोळ अबाया फांद्यांना अडकत होता. तो सोडवता सोडवता तिच्या मनगटावर ओरखडा उठला. टोपली पूर्ण भरल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही, असा तिथला नियम होता. म्हणून आम्ही तिघं त्या उन्हात तासभर हिरवी, आंबट फळं तोडत राहिलो. मी एक चावून थुंकलं, तर बाबा माझ्यावर डाफरले. अन्नाचा अपमान करायचा नाही म्हणाले. परतताना आईने फक्त एकदा विचारलं, की या फळांचं आता काय करायचं. बाबा म्हणाले, मुरांबा कर. तिने तो केला नाही. टोपली आठवडाभर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडून राहिली आणि मग एके दिवशी दिसेनाशी झाली.

ऑगस्टच्या सुरुवातीला इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि आमच्या घरातली सगळी बोलणी एकाच जागी येऊन थांबायला लागली. आईचं म्हणणं होतं, की आपण दोघींनी चिपळूणला जावं. बाबांचं म्हणणं होतं, की हाइल सरहद्दीपासून लांब आहे, उगाच घाबरायचं कारण नाही. कुवेतमधली आपली माणसं उघड्या वाळवंटातून जॉर्डनकडे निघाल्याच्या बातम्या रेडिओवर यायला लागल्यावर आईने पुन्हा विषय काढला. तेव्हा बाबांनी सांगितलं, की हॉस्पिटलने सगळ्यांच्या रजा बंद केल्या आहेत आणि कुटुंबांनाही देश सोडायची परवानगी मिळत नाही. कफीलच्या, म्हणजे नोकरीला बोलावणाऱ्या जामीनदाराच्या सहीशिवाय विमानतळावर कुणी सोडणार नाही, आणि आपला कफील म्हणजे हॉस्पिटलच.

दुसऱ्या खेपेला आम्ही गेलो ते सप्टेंबरात. मला वाटतं, बाबांना घरातून बाहेर पडायचं होतं आणि हाइलमध्ये दुसरीकडे कुठे जावं हे त्यांना सुचत नव्हतं. रस्त्यावर लष्करी ट्रकांची रांग लागली होती. नाक्यावरच्या शिपायाने इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना मागितला, उलटसुलट करून पाहिला आणि आम्हाला बाजूला उभं केलं. पाऊण तास आम्ही बंद गाडीत बसून होतो. आई म्हणाली, "परत फिरू या." बाबा म्हणाले, की एवढं आलोच आहोत तर जाऊ.

बागेत एकही फळ नव्हतं. सगळा माल आठवड्यापूर्वीच एका ठेकेदाराने उचलला होता, सैन्याच्या छावणीसाठी. मुकादमाला आमची कीव आली असावी. खाली पडलेली हवी तर उचला, टोपलीचे पैसे द्यायला नकोत, असं तो म्हणाला. आई गाडीत जाऊन बसली. आणि माझे बाबा, जे ऑपरेशन थिएटरमध्ये एवढे रुबाबात वावरत असं सगळे सांगत, ते झाडाखाली वाकून किडकी सफरचंदं गोळा करायला लागले. मलाही त्यांनी हाक मारली. मी गेले नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची लाज वाटली, आणि ते त्यांना कळावं म्हणून मी मुद्दाम त्यांच्याकडे बघत उभी राहिले.

जानेवारीत युद्ध सुरू झालं. शाळा बंद झाली. रियाधवर क्षेपणास्त्रं पडायला लागल्यावर बाबांचे एक मित्र, त्यांची बायको आणि दोन कॉलेजच्या वयाच्या मुली आमच्याकडे राहायला आल्या. हे काका बँकेत होते आणि रियाधच्या अल मलाझ भागात राहायचे. तिथल्या त्यांच्या घराच्या काचा हादरून फुटल्या होत्या. आमच्या दोन खोल्यांत सात माणसं झाली. एका खोलीच्या खिडक्या आम्ही प्लॅस्टिक आणि चिकटपट्टीने बंद केल्या होत्या, विषारी वायूच्या भीतीने. संडासाबाहेर रांग, एकच रेडिओ, आणि कणकेचा डबा दोन दिवसांत रिकामा. काकू स्वभावाने चांगल्या होत्या, पण दिवसभर रडायच्या. मुली माझ्याशी इंग्रजीत बोलायच्या आणि माझ्या पलंगावर झोपायच्या. मला सगळ्यांचाच राग यायचा.

तीन आठवडे असे गेल्यावर बाबा म्हणाले, शुक्रवारी सगळे सफरचंदांच्या बागेत जाऊ.

आई पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "फेब्रुवारीत सफरचंदं नसतात."

बाबा म्हणाले, की संत्री असतील, मुकादम मागे तसं काहीतरी म्हणाला होता. पोरींना मोकळी हवा मिळेल. काकांना कल्पना पसंत पडली आणि आम्ही दोन गाड्यांतून निघालो.

संत्री नव्हती. झाडांना पानही नव्हतं. छाटणी चालू होती आणि छाटलेल्या फांद्या पेटवल्यामुळे सगळीकडे धूर पसरला होता. बोचरा वारा सुटला होता. मुकादम बाबांना बघून आधी गोंधळला, मग त्याने सतरंजी टाकली, चहाचा थर्मास आणि पेले आणून ठेवले आणि बायका आहेत म्हणून दूर निघून गेला. आम्ही सातजण त्या काटक्यांच्या मधोमध चहा पीत बसलो.

आणि तिथे काकांनी, अगदी मनापासून, आईचं कौतुक केलं. आम्ही आसरा दिल्याबद्दल त्यांनी आभार मानले आणि ते म्हणाले, "वहिनी, तुमची खरंच कमाल आहे. नोव्हेंबरात हॉस्पिटलने फॅमिलीला जायची परवानगी दिली, याने मला फोन करून सांगितलंही होतं. तरी तुम्ही थांबलात. आमची ही असती तर त्याच दिवशी विमानात बसली असती."

आईने पेला खाली ठेवला. बाबा थर्मासचं झाकण लावत होते. ते एकदा लागलं, तरी त्यांनी उघडून पुन्हा लावलं. काकूंच्या लक्षात आलं असावं. त्यांनी काकांचा हात दाबला, पण सांगून झालेलं होतं.

आई म्हणाली, "मला विचारायचं तरी होतं."

"विचारलं असतं, तर गेली असतीस," बाबा म्हणाले.

"हो. गेले असते."

बाबांनी खाली बघत सांगितलं, की मला एकट्याला इथे राहणं जमलं नसतं. त्यांचा आवाज बारीक झाला होता. काका, काकू, त्या दोन मुली, सगळे ऐकत होते. आता वाटतं, एवढ्या लोकांसमोर भीती कबूल करायला त्यांना फार जड गेलं असेल. तेव्हा मला तसं काही वाटलं नाही. तीन आठवडे मी वायू आलाच तर नाकावर धरायला ओला टॉवेल उशाशी घेऊन झोपत होते, सायरनसारखा कसलाही आवाज आला की आईला चिकटत होते, आणि हे सगळं यांना जेवायला सोबत हवी म्हणून. मी उठून पेटलेल्या फांद्यांपाशी जाऊन उभी राहिले. बाबांनी मला हाक मारली नाही.

परत जाताना आई बाबांच्या गाडीत बसली नाही. ती माझा हात धरून काकांच्या गाडीकडे गेली. काकूंनी मुलींना सरकायला सांगितलं आणि आम्ही चौघी मागच्या सीटवर एकमेकींच्या मांडीवर बसून हाइलला आलो. बाबा एकटेच त्यांच्या गाडीतून पुढे चालले होते.

महिनाअखेरीला युद्ध संपलं. काकांचं कुटुंब रियाधला परतलं. मार्चमध्ये आईने बाबांच्या समोर देश सोडायच्या परवानगीचा फॉर्म ठेवला आणि त्यांनी सही केली. विमानतळावर ते मला जवळ घ्यायला वाकले, तेव्हा मी हातातली बॅग मध्ये धरली.

आईला बँकेची नोकरी परत मिळाली नाही. तिने एका पतसंस्थेत सुरुवात केली आणि तिथेच ती व्यवस्थापक झाली. बाबा पुढची पाच वर्षं हाइलमध्ये एकटे राहिले. राहणं जमलं त्यांना. वर्षातून एकदा यायचे, महिनाभर राहायचे आणि आई त्यांच्याशी लागेल तेवढं बोलायची. कायमचे परत आल्यावरही त्यात फार फरक पडला नाही. त्यांनी चिपळूणला दवाखान्यांमधून काम केलं, लोक त्यांना चांगला माणूस म्हणायचे, आणि ते होतेही.

माझं लग्न ठरलं त्या वर्षी ते एकदा दुपारी माझ्या खोलीत आले. पलंगाच्या कडेला बसले आणि मला विचारलं, की अजून राग आहे का. कशाबद्दल, ते त्यांना सांगावं लागलं नाही.

मी म्हटलं, "आहे."

त्यांनी मान हलवली. मग दवाखान्याची वेळ झाली म्हणून उठले आणि जाताना पंखा कमी करू का, असं विचारलं. मी नको म्हटलं.